वयावर ढकलू नका

बनसोडे मॅडम नव्या माणसाला भेटल्या की आधी त्याच्या हिरड्या बघायच्या.

तोंड उघडा असं काही सांगायच्या नाहीत. माणूस बोलायला लागला, हसला, की त्यांची नजर डोळ्यांवरून घसरून दातांवर जायची. जनावराचं वय दातांवरून कळतं, तेव्हा गुरांच्या डॉक्टरीणबाई माणसालाही बाजारातल्या बैलासारखं पारखतात, अशी चेष्टा ईट गावच्या पारावर व्हायची. त्यांना ती कळायची. कळूनही त्या बघायच्याच.

ईटच्या गुरांच्या दवाखान्यात मी परिचर होतो. जनावर खोड्यात घालायचं, अवजारं उकळायची, रजिस्टर लिहायचं आणि डॉक्टर मीटिंगला गेले की लोकांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. बऱ्याच डॉक्टरांच्या हाताखाली मी काम केलं. सगळे चांगलेच होते. पण आठवण आली की उठून अंगणात दोन चकरा माराव्या लागतात, अशा त्या एकट्याच.

डॉ. विशाखा बनसोडे मूळच्या येडशीच्या. वडील रेल्वेत गँगमन होते, मॅडम ईटला आल्या तोवर निवृत्त झाले होते. मॅडम स्कूटीवर मागं एक ट्रंक बांधून आल्या, त्या वेळी त्यांचं वय चौतीस आणि माझं बावन्न. पहिल्याच दिवशी दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी गुडघ्यावर हात ठेवला, ते त्यांनी पाहिलं.

"मामा, वय काय तुमचं?"

"बावन्न."

"आणि गुडघे?"

"आता वय झालं, मॅडम. चालायचंच."

"बावन्न म्हणजे वय? वयावर ढकलू नका." असं म्हणून त्या दोन पायऱ्या वर गेल्या आणि परत खाली आल्या. "दात घासताना रक्त येतं का?"

"न्हाय," मी म्हणालो. ते खोटं होतं. रोज यायचं. तंबाखूची पुडी मी जंताच्या औषधाच्या बाटल्यांमागं ठेवत असे. ती त्यांना तिसऱ्या दिवशी सापडली. त्या ओरडल्या नाहीत. पुडी माझ्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि म्हणाल्या, "लपवायचं कशाला? घ्या माझ्यासमोर." चार दिवस मी त्यांच्यासमोर तंबाखू मळली. पाचव्या दिवशी लाज वाटायला लागली. पुढं त्यांनीच मला भूमला दातांच्या डॉक्टरकडं नेलं. दातांवर चढलेली पुटं काढताना तोंडातून जे काय निघालं ते बघून मलाच शिसारी आली. दोन महिन्यांनी पेरू चावला आणि फोडीवर रक्त दिसलं नाही. माझे गुडघे काही बरे झाले नाहीत. पण सकाळी उठल्यावर जो एक शीण असायचा, रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखा, तो कमी झाला. औषधानं की मनानं, मला सांगता यायचं नाही.

मॅडमना एका जागी चैन नसायची. उभ्या उभ्याच भाकरीची गुंडाळी करून खायच्या. बोलताना येरझाऱ्या घालायच्या, त्यामुळं ऐकणाऱ्यालाही त्यांच्यामागं फिरावं लागायचं. एखाद्या शेतकऱ्यानं "बघू उद्या" म्हटलं की त्यांच्या कपाळावर एक शीर उठायची. सारखं वाटायचं, ह्या बाईंना कुठलीतरी गाडी गाठायची आहे आणि ती सुटत चालली आहे.

पहिल्याच वर्षी भागवतराव एक म्हैस घेऊन आले. मोठे शेतकरी, दावणीला बारा म्हशी. "म्हातारी झाली ही," ते म्हणाले, "वैरण खाती, दूध देत न्हाय. बाजार दाखवावा म्हणतो. तब्येत ठीक असल्याचा एक कागुद द्या."

मॅडमनी दात बघितले. "वेत कितवं?"

"चौथं."

"चौथ्या वेताला म्हातारी?"

त्यांनी कासेला उलटा हात लावला. कास गरम नव्हती, कडक नव्हती. मग चार वाट्या जोडलेलं त्यांचं प्लॅस्टिकचं ताट काढलं, चारी सडांच्या दोन-दोन धारा चार वाट्यांत घेतल्या, वरून जांभळं औषध घातलं आणि ताट गोल गोल फिरवलं. दोन वाट्यांतलं दूध पातळच राहिलं. दोन वाट्यांतलं बघता बघता दाट झालं, ताट कलतं केलं तर शेंबडासारखं लोंबायला लागलं.

"ह्ये काय इपरित?" भागवतराव मागं सरकले. "दूध तर पांढरंफेक निघतंय की."

"ताप येतो?"

"न्हाय."

"गाठ? रक्त?"

"कायबी न्हाय."

"म्हणूनच वाईट. कासेला उघड दगडीचा रोग झाला असता तर ती सुजून धोंडा झाली असती आणि तुम्ही पहिल्याच दिवशी पळत आला असता. ही छुपी दगडी आहे. वर्ष-दोन वर्षं हिच्या कासेत बारीक सूज चालू आहे. जंतू मरत नाहीत आणि अंग लढायचं थांबत नाही. हिचं सगळं बळ तिकडं चाललंय." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "ही म्हातारी झाली नाही भागवतराव. हिला म्हातारी केलीय."

कागद मिळाला नाही. म्हैस बाजारात गेली नाही. धार बंद करून म्हैस आटवताना सडांत औषध भरलं, गोठ्यातला चिखल काढला, धार काढल्यावर सडं औषधात बुडवायला शिकवलं. पुढच्या वेताला बिघडलेल्या दोन सडांतलं एक सुधारलं, दुसरं गेलं ते गेलंच. पण म्हैस उभी राहिली, अंगानं भरली. भागवतराव पारावर सांगायचे, "बाईचा हात चांगला हाय, जीभ तेवढी वाईट."

खरी गोष्ट सुरू झाली ती तात्यांच्या खव्याच्या भट्टीवर. आमच्या भागात खवा लई होतो. तात्यांची भट्टी गावाबाहेर, पत्र्याच्या लांब शेडात. खाली लाकडांचा जाळ, वर ओळीनं कढया आणि प्रत्येक कढईपुढं एक माणूस दूध आटवत, घोटत उभा. धुराला बाहेर पडायला वाट म्हणजे दरवाजा, त्याच दरवाज्यातून माणसं आत जायची. तात्यांची तक्रार होती की खवा पूर्वीइतका पडत नाही आणि जरा खारट लागतो. आम्ही दूध तपासायला गेलो.

तिसऱ्या कढईवर कौसाबाई होत्या. डोक्याला पदर घट्ट बांधलेला, डोळे लाल, हातात लांब दांड्याचं उलथनं. खोकला आला की तोंड खांद्यात खुपसून खोकायच्या, हात थांबवायच्या नाहीत. हात थांबला तर दूध लागतं.

मॅडम ताट विसरून त्यांच्याकडंच बघत राहिल्या.

"बाई, वय काय तुमचं?"

"असंल की एक्केचाळीस. का वो?"

मला त्या साठीच्या वाटत होत्या. मॅडमचाही चेहरा तसाच झाला असणार, कारण कौसाबाई हसल्या. मिश्रीनं काळे पडलेले दात आणि दातांपासून सुटलेल्या हिरड्या दिसल्या. "आजी हाय म्या दोन लेकरांची. सकाळी हात-पाय लाकूड हुत्यात, घटकाभर मूठ वळत न्हाय. चढ चढला की धाप लागती. डॉक्टरला दावलं, त्यो म्हनला समदं नॉर्मल हाय. आता वय झालं म्हनायचं."

एरवी मॅडम लगेच बोलल्या असत्या. त्या दिवशी ताट माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेल्या. मी गेलो तर भट्टीमागं लाकडांच्या ढिगाजवळ येरझाऱ्या घालत होत्या.

"माझी आई अशीच होती, मामा," त्या चालता चालता म्हणाल्या. "लाइनीवर खडी फोडायची, ठेकेदाराकडं. घरी आल्यावर एका खोलीत चूल. दिवसातून चारदा मिश्री. आधी दात हलले, मग साखर निघाली, मग पायाची जखम भरेना, मग हृदय. छप्पन्नाव्या वर्षी गेली. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? म्हातारपण. छप्पन्नाव्या वर्षी म्हातारपणानं मरतं का कुणी?"

लाकडांच्या ढिगाला वळसा घालून त्या परत आल्या.

"मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. वर्गात छुपी दगडी शिकत होते, पैकीच्या पैकी मार्क घेत होते. आणि सुट्टीत घरी आले की आईच्या तोंडाला वास येतो म्हणून तोंड फिरवत होते. म्हशीचं कळत होतं मला. आईचं नाही कळलं."

पुढच्या आठवड्यात त्या परत भट्टीवर गेल्या आणि दुपारच्या सुट्टीत सगळ्यांना समोर बसवलं. स्वतः अर्थात उभ्या. "गावात दंगा झाला तर काय होतं?" त्यांनी विचारलं.

"पोलिस येत्यात," कुणीतरी म्हणालं.

"दंगा मिटला की?"

"जात्यात."

"आणि रोज थोडा थोडा दंगा चालूच राहिला तर? बंदोबस्त कायमचा. पोलिसांचा तळ गावातच. दुकानं उघडत नाहीत, शाळा भरत नाही, जो दिसेल त्याला काठी बसते, चोरालाही आणि सावालाही. अंगातली सूज म्हणजे हा बंदोबस्त. काटा मोडला, सुजला, बरा झाला, ही सूज चांगली. पण रोजचा धूर, रोजची मिश्री, हिरडीतला पू, ह्यानं बारीक सूज अंगभर पसरून राहते. ताप येत नाही, म्हणून कळत नाही. आणि ती रक्ताच्या नळ्या खाते, हाडं खाते, साखर बिघडवते. म्हातारपण सगळ्यांना येणार आहे, मलाही. पण वीस वर्षं आधी कशाला?"

कौसाबाई भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत होत्या. "मग त्या पोलिसाला माघारी धाडायचं औषिद द्या की."

"तसं औषध नाही. दंगा थांबवायचा. धूर, मिश्री, हिरड्या."

"मिश्री माजी हाय, मॅडम. हिरड्या बी माज्याच. पर धूर मालकाचा हाय."

मॅडम तशाच तात्यांच्या ओसरीकडं गेल्या.

तात्या माणूस वाईट नव्हते, पण "बघू" म्हणणारे होते. मॅडमनी सौदा केला. "तुमच्या खव्याचं मी बघते. धुराचं तुम्ही बघा." दोन महिने आम्ही पहाटेपासून गोठे फिरत होतो. तात्यांना दूध घालणाऱ्या प्रत्येकाच्या प्रत्येक म्हशीचं दूध चार वाट्यांतून गेलं. निम्म्या लोकांनी आधी दारातून हाकललं, निम्म्यांनी चहा पाजला. मी थकून जायचो. त्या थकत नव्हत्या, की थकलेलं दाखवत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं नाही. छुपी दगडी निघालेल्या म्हशींवर उपचार झाले, तसा खवा सुधारला, खारटपणा गेला. तात्या खूश झाले आणि धुराचं विसरले.

मग मॅडमनी रोज दुपारी भट्टीत जाऊन नुसतं उभं राहायला सुरुवात केली. काही बोलायच्या नाहीत. कौसाबाईंच्या शेजारी धुरात उभ्या राहायच्या, डोळ्यांतून पाणी गाळायच्या, खोकायच्या. खवा न्यायला बाहेरगावचे व्यापारी यायचे, ते विचारायचे, ह्या कोण? "सरकारी डॉक्टर" हे उत्तर ऐकून ते तात्यांकडं बघायचे. नवव्या दिवशी गवंडी आला. कढयांवर पत्र्याचे टोप बसले, पत्र्याचं छप्पर फोडून दोन धुराडी वर गेली. पहिल्यांदा जाळ केला त्या दिवशी शेडात पलीकडची भिंत दिसली. वर्षानुवर्षं तिथं काम करणाऱ्या माणसानं मला सांगितलं की त्या भिंतीला खिडकी आहे हे त्याला ठाऊक नव्हतं.

कौसाबाईंची मिश्री तिसऱ्या खेपेला सुटली. मॅडमनी त्यांनाही भूमच्या दवाखान्यात नेलं, हिरड्यांवर उपचार झाले, चार दात काढावे लागले. खोकला कमी झाला. सहा महिन्यांनी त्या मॅडमना म्हणाल्या, "मूठ आता लवकर वळती. पर क्यास काळं न्हाय झालं."

"ते व्हायचे नाहीत," मॅडम म्हणाल्या, आणि दोघी हसल्या. मॅडमना पोटभर हसताना मी बहुधा तेवढंच पाहिलं.

ह्या सगळ्याचा गावात भलताच बोभाटा झाला. डॉक्टरीणबाईंकडं म्हातारपण थोपवायचं इंजेक्शन आहे म्हणे, म्हशीचंच असतं, माणसाला निम्मं देतात. लांबून माणसं यायला लागली. एकदा एक गुळगुळीत गृहस्थ चारचाकीतून आले, हळदीचं कसलंसं चूर्ण घेऊन. डब्यावर मॅडमचा फोटो छापायचा होता. 'सूज घालवा, तारुण्य मिळवा.' मॅडमनी डबा उघडून वास घेतला, झाकण लावलं आणि विचारलं, "तुम्ही रोज खाता?"

"व्हय तर."

"हसा बरं."

तो हसला. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या हिरड्या सुजल्यात. आधी दातांच्या डॉक्टरकडं जा." माणूस गेला, पण त्या दिवसभर धुमसत राहिल्या. "मी तरुण करते असं कधी म्हटलं, मामा? कधी म्हटलं?" संध्याकाळपर्यंत त्यांनी हे मला पाच-सहा वेळा विचारलं असेल.

आता मला जे सांगायचं आहे ते सांगतो.

तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात काही गोष्टी माझ्या नजरेला आल्या होत्या. औषधाची बाटली त्या बूच काढायला माझ्याकडं द्यायला लागल्या. स्कूटी सोडून बसनं यायला लागल्या. म्हणाल्या, ब्रेक लागत नाही. मी ब्रेक बघितला, नीट लागत होता. सकाळी दवाखान्यात आल्यावर दोन्ही हात ओढणीखाली घेऊन फिरायच्या. थंडी असेल, मी म्हणालो.

मग एके दिवशी भर दुपारी शेजारच्या वस्तीवर म्हैस अडली. रेडकाचे पाय बाहेर, डोकं मागं वळलेलं. मॅडमनी कोपरापर्यंत हातमोजा चढवला, हात आत घातला. डोकं सरळ केलं, पायांना दोरी लावायची होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. हात बाहेर काढला, पुन्हा घातला. चारी बाजूंनी माणसं उभी. त्या माझ्या कानाशी आल्या.

"मामा, बोटं मिटत नाहीत. तुम्ही करा. मी सांगते तसं."

मी केलं. त्या माझ्या मागं उभ्या राहून हळू आवाजात सांगत होत्या, डावीकडं, गुडघ्याच्या वर, आता फास, आता कळ आली की ओढा. रेडकू जिवंत निघालं. लोकांनी मला खांद्यावर घ्यायचं बाकी ठेवलं. "बाईला न्हाय जमलं, मामानं केलं," वस्तीभर झालं.

परतताना त्यांनी रस्त्यात थांबून ओढणीखालचे हात काढून दाखवले. बोटांची पेरं सुजलेली, तांबूस. "कुणाला बोलू नका," त्या म्हणाल्या. "फिरतीला नालायक ठरवतील, टेबलावर बसवतील. मी टेबलावर मरून जाईन, मामा."

"पण दवाखान्यात तर..."

"जाते. जाते म्हटलं ना."

त्या गेल्या नाहीत. आणि मी बोललो नाही. आठ महिने. वासरं मी ओढली, गाठी मी बांधल्या, सुया मी टोचल्या. त्या शेजारी उभं राहून सांगायच्या. आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. तीस वर्षं खोडा आवळणाऱ्या माणसाला लोक हाका मारायला लागले होते, "मामाच खरे डॉक्टर." घरी बायको म्हणाली, "तुमी हल्ली ताठ चालताव." मी तिला कारण सांगितलं नाही. मॅडमची बोटं रोज डोळ्यांसमोर होती. रोज मी स्वतःला म्हणायचो, शिकलेली बाई आहे, तिचं तिला कळतं.

मी बोललो नाही, ते कौसाबाई बोलल्या. काहीतरी देण्याच्या निमित्तानं त्या दवाखान्यात आल्या होत्या, बहुतेक थोडा खवा. मॅडमनी पुडी घ्यायला हात पुढं केला आणि पुडी निसटून खाली पडली. कौसाबाईंनी खवा तसाच राहू दिला आणि मॅडमचा हात धरला. सोडवून घ्यायचा प्रयत्न केला तरी सोडला नाही.

"कवापासून?"

"काही नाही हो. जरा कामाचं..."

"तुमी मला दवाखान्यात न्हेलं तवा म्या भ्याले हुते. लई भ्याले हुते. आता तुमी भ्यालाव, मॅडम."

मॅडमची ती कपाळावरची शीर उठली. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी खिडकीकडं तोंड केलं. मग म्हणाल्या, "आईसारखं होईल म्हणून."

"मंग? न्हाय गेलं की न्हाय व्हत व्हय?" कौसाबाई म्हणाल्या. "उद्याच्या पयल्या गाडीनं जायचं. म्या येते संगं."

मीही गेलो. बार्शीमार्गे सोलापूर, एसटीनं. कौसाबाई खिडकीशी, मध्ये मॅडम, कडेला मी. मोठ्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं बोटं दाबून बघितली, रक्त घेतलं, फोटो काढले. संधिवात निघाला, आपलं अंग आपल्याच सांध्यांवर उठतं तो. मॅडम म्हणाल्या, "मला वाटलंच होतं."

"तुम्ही स्वतः डॉक्टर, मग?" तो म्हणाला. "आठ-नऊ महिने आधी आला असता तर हाडाला इजा झाली नसती. ही दोन बोटं आता सरळ होणं अवघड आहे. बाकीचे सांधे वाचवायचा प्रयत्न करू. घोटेही धरलेत तुमचे. पुढं किती चालाल, काय, ते औषध कसं लागू पडतं त्यावर. आत्ता शब्द देत नाही."

आठ-नऊ महिने. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत राहिलो.

परतीच्या गाडीत कौसाबाईंना झोप लागली. बार्शी गेल्यावर मी कसंबसं तोंड उघडलं. "मॅडम, म्या सांगायला पाहिजे हुतं कुणालातरी. तुमच्या वडलांना तरी."

त्या बाहेर बघत होत्या. "तुम्ही सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं," त्या म्हणाल्या.

मला जरा हलकं वाटलं. गाडीनं दोन-तीन गावं मागं टाकली. मग तशाच बाहेर बघत म्हणाल्या, "पण सांगायला पाहिजे होतं."

ह्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. त्यांनी वागणूक बदलली नाही. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी त्या सोमवारी घ्यायच्या आणि मंगळवारी त्यांना मळमळायचं. त्या दिवशी मी चहा करायचो नाही, वासानं त्रास व्हायचा. सूज हळूहळू उतरत होती. चार लोकांत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं, "मला संधिवात आहे, गाठी मामा बांधतील, निदान मी करीन." लोकांना काही वाटलं नाही. एवढ्याचसाठी आठ महिने घालवले होते आम्ही दोघांनी. वर्षभरात त्यांची लोहाऱ्याला बदली झाली. निरोपाला कौसाबाई रडल्या. मी ट्रंक बसच्या टपावर चढवली. मॅडम म्हणाल्या, "मामा, दर सहा महिन्यांनी दात दाखवत जा," आणि बस गेली.

मी निवृत्त झालो. अधनंमधनं फोन करावासा वाटायचा. नंबर होता. काय बोलायचं ते सुचायचं नाही. मधल्या काळात जिल्ह्याचं नाव बदललं, पाट्या बदलल्या. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. कौसाबाई अजून भट्टीवर जातात, पण निम्मा दिवस.

गेल्या उन्हाळ्यात मुलीच्या जमिनीच्या कागदासाठी जावयाबरोबर लोहाऱ्याला जाणं झालं. तहसीलमधलं काम उरकून आम्ही स्टँडजवळ रसवंतीत बसलो होतो. समोर वडापच्या जीपा लागल्या होत्या. एक जीप भरली, क्लीनरनं पत्र्यावर थाप मारली आणि ती निघाली. तेवढ्यात पलीकडच्या गल्लीतून एक बाई आली. उजव्या कोपराच्या बेचक्यात अवजारांची पेटी घट्ट धरलेली. बोटांनी नव्हे, कोपरानं. कानांवरचे केस पांढरे झालेले. पेटी धरल्याची ती तऱ्हा पाहिली आणि मी ओळखलं.

"ए, थांब! म्हैस अडलीय तिकडं, थांब!"

जीप थांबत नव्हती. त्या धावायला लागल्या. चपलांचा फटफट आवाज, ओढणी मागं उडतेय, पेटी कोपरात, समोरून येणाऱ्या सायकलीला चुकवून, नाल्याची फरशी ओलांडून त्यांनी जीप गाठली आणि मोकळ्या कोपरानं तिच्या मागच्या पत्र्यावर दणका दिला. जीप थांबली. आतली माणसं सरकली. कुणीतरी पेटी घेतली, त्या स्वतः चढल्या.

मी ग्लास हातात घेऊन उभा होतो. हाक मारायची राहून गेली होती.

"कोण हुत्या, मामा?" जावयानं विचारलं.

"आमच्या डॉक्टर," मी म्हणालो. "बघितलंस का? पळाल्या."

"मग? गाडी सुटत हुती की त्यांची."

"व्हय," मी म्हणालो. "पर पळाल्या."